शेजारच्या आसनावरचा वस्ताद

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मोटार शिकवणाऱ्यापाशी असा डाव असतो काय? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रशिक्षण शाळेच्या मोटारीत दुहेरी नियंत्रण सक्तीचे केले. शिक्षकाच्या पायाखालचा ब्रेक हाच त्याचा राखीव डाव. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैसारख्या शर्यतीच्या धावपट्टीवर मात्र हौशी चालक स्वतःचीच गाडी घेऊन येतो. शेजारच्या मार्गदर्शकाच्या पायाखाली काहीच नसते. हाती उरतो केवळ शब्द. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर धावते. शब्द उमजेपर्यंत वळण आलेले असते. घाबरलेला नवखा ऐन वळणात ब्रेक दाबतो, भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते.

निपाणीजवळचा तवंदी घाट नातवाच्या शेजारी बसून उतरताना मला हेच गणित आठवते. भित्र्या शिष्याहून अधिक चिंता वाटते ती चार फेऱ्यांच्या कौतुकाने फुगलेल्याची. तो बुडतो आणि गुरूलाही बुडवतो. म्हणून ‘आता पुरे, गाडी बाजूला घे’ या शब्दांना विनातक्रार मान द्यायचा, हे पहिल्या फेरीपूर्वीच ठरलेले असावे. ज्याच्या पायाखाली ब्रेक नाही, त्याने राखून ठेवावा असा डाव तो एवढाच.