महाग तेलाचा मोह

तुमसरच्या पंपावर आमच्या जुन्या मोटारीसाठीं साधें पेट्रोल घ्यावें कीं अधिक ऑक्टेनचें, या विचारांत आम्ही थबकलों. महाग तें बलवान, हा भ्रम आम्हांसही आहेच! वस्तुतः ऑक्टेनांक हें शक्तीचें माप नव्हे. दाबाखालीं अवेळीं न पेटण्याचा तो संयम होय. शर्यतीच्या मोटारींत मिश्रण फार आवळलें जातें, तेथें तो हवाच. हा संयम शिशानें स्वस्तांत साधण्याची युक्ति १९२१ सालीं सांपडली. तें विष भारतीय पेट्रोलमधून जावयास २००० साल उजाडलें. कोठें कोठें मँगनीजचें संयुगही त्या कामीं लागलें. तें खनिज तर आमच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघतें. परंतु मोटारीस न लागणारा संयम आम्ही कशास विकत घ्यावा? आम्ही साधेंच भरलें. संयम हवाच असेल, तर तो चालविणाऱ्याच्या पायांत असावा.