दस्तुरीच्या पुढे

2016 ची दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात मी आणि बायको आईला माथेरानला घेऊन गेलो. तेव्हा तिला पंचाहत्तरावं चालू होतं. आमचं गाव शिनोली, घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावर. डोंगर तिला नवा नव्हता. तिला बसायचं होतं ते माथेरानच्या झुकझुक गाडीत. 1907 साली सुरू झालेली, नेरळपासून एकवीस किलोमीटर वळणं घेत वर चढणारी ती छोटी गाडी तिनं कधीतरी सिनेमात पाहिली होती, आणि तेव्हापासून ती मनात धरून होती.

नेरळला पोचल्यावर कळलं, की मे महिन्यात डबे रुळांवरून घसरले आणि तेव्हापासून गाडी बंद आहे. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. पेपरात येऊन गेलेली. निघण्याआधी मी कुणाला एक फोनसुद्धा केला नव्हता. आई एवढंच म्हणाली, "मग काय, वर तर जाऊ."

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, हे मला माहीत होतं. पण तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे आणि आमचं हॉटेल बाजाराच्याही पलीकडे, याचा विचार मी केला नव्हता. वेनिसमध्येही मोटारी नाहीत, पण तिथं सामान होडीत चढवता येतं. माथेरानला तेव्हा ते घोड्याच्या पाठीवर चढायचं नाहीतर माणसाच्या डोक्यावर. आमच्याकडे चाकांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या, एक पिशवी आणि फराळाचा पत्र्याचा डबा. डबा आईनं हट्टानं घेतला होता आणि त्यावरून मी घरीच तिच्याशी वाद घातला होता.

हमालानं आकडा सांगितला. हातरिक्षावाल्यांनीही सांगितला. तिथली रिक्षा एकटा माणूस नेत नसे. एक पुढून ओढायचा, बाकीचे मागून ढकलायचे, कारण रस्ता चढाचा आणि तांबड्या मातीचा. मी दोघांशीही घासाघीस केली. मग म्हणालो, "राहू दे, आम्ही चालत जातो." आईला विचारलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

गाडी बंद म्हणून आम्ही रुळांच्या कडेनं निघालो. खडीवर बॅगेची चाकं फिरेनात, म्हणून मी बॅग फरफटत नेली. थोड्याच अंतरावर एक चाक निखळलं. आई पदर खोचून मागून येत होती. तिचा उजवा गुडघा आधीपासून दुखरा होता. एका वळणावर मी मागं वळून पाहिलं, तर ती रुळावर बसलेली. म्हणाली, "मला नाय चालवत आता. तुम्ही व्हा पुढं." तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी परत दस्तुरीला गेलो. मघाचेच रिक्षावाले भेटले. मघाशी सांगितला होता तोच आकडा त्यांनी घेतला, एक रुपया जास्त मागितला नाही. त्यातला थोराड माणूस आईला म्हणाला, "आजी, सावकाश बसा, घाई नाही."

हॉटेलच्या दारात उतरल्यावर आईनं पहिलं काम केलं ते म्हणजे त्या तिघांसाठी पाणी मागवलं. मग फराळाचा डबा उघडून त्यांच्या हातावर लाडू ठेवले. आमच्याकडे पश्चिमेच्या डोंगरातली माणसं हिरड्याची ओझी घेऊन उतरायची, तेव्हा ओटीवर बसवून ती त्यांना असंच पाणी द्यायची. ओझ्याचा भाव नंतर. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो.

दोन दिवस तिचा गुडघा सुजलेला होता. ती खोलीतच बसून राहिली. मी वाचवायला निघालो होतो ते पैसे हजाराच्या आतले होते.

परत आल्यावर मी लोकांना सांगत असे, की माणसानं माणसाला ओढावं हे मला पटत नाही, म्हणून मी रिक्षा नाकारली. पुष्कळांना ते पटायचं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असंही म्हटलं. निकाल योग्यच आहे. तो वाचला त्या दिवशी मात्र मला माझंच वाक्य आठवलं, आणि ते खोटं होतं हे मी पहिल्यांदा बायकोजवळ कबूल केलं. तत्त्वाचा संबंध नव्हता. मला पैसे जास्त वाटले होते. त्या माणसांच्या श्रमाचा भाव मी पाडत होतो, आणि ते जमेना तेव्हा मी आईला चालायला लावलं. बायको म्हणाली, "मला तिथंच कळलं होतं. आईंनाही."

2018 मध्ये नेरळहून झुकझुक गाडी पुन्हा सुरू झाली. बातमी आईनंच मला वाचून दाखवली होती. मी म्हणालो, पावसाळा होऊन जाऊ दे, मग दिवाळीनंतर बघू. 2019 च्या उन्हाळ्यात ती गेली. त्या गाडीत ती कधीच बसली नाही.