पहिल्या चित्रपटाला पैसे देतं कोण?

बोरिवली (पश्चिम)

चि. सईस,


नव्या चेक दिग्दर्शकांच्या पहिल्यावहिल्या चित्रपटांचा महोत्सव पाहून आलीस, हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, ‘आत्या, तू सारखं “कोर्ट” चित्रपटाचं नाव घेतेस, पण इतक्या नवख्या मुलाला पैसे दिले तरी कुणी?’ फोनवर सांगायला घेतलं की आपण भलतीकडेच वाहवतो, म्हणून लिहूनच पाठवते.

‘कोर्ट’चा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे मुंबईचाच, १९८७ सालचा जन्म. पार्ल्याच्या मिठीबाईत इंग्रजी साहित्य शिकला, अगदी कोवळ्या वयात टीव्ही मालिकांच्या कंपनीत राबला, मग एक नाटक केलं आणि ‘सिक्स स्ट्रँड्स’ नावाचा लघुपट केला. लघुपट परदेशी महोत्सवांत फिरून आला. पुढे काय? हाताला काम नाही, खिशात पैसा नाही. त्या दिवसांत विवेक गोम्बर त्याला म्हणाला, तू लिहायला बस, मी तुला महिन्याला १५,००० रुपये देतो. गोम्बर नट होता, चैतन्यच्या नाटकात त्याने काम केलं होतं. हे पैसे सुरू झाले तेव्हा पटकथा लिहून झालेली नव्हती, हे लक्षात घे. लेखनाच्या पायरीवर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीनेही हातभार लावला. पण निर्माता म्हणून अखेरपर्यंत उभा राहिला तो गोम्बरच, आणि चित्रपटातला बचाव पक्षाचा वकीलही त्यानेच केला.

गोष्ट तुला ठाऊक आहे. गटारात उतरून काम करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि एका वयस्क लोकशाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिराला पकडतात. हा शाहीर साकारला वीरा साथीदार यांनी. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. गाणी संभाजी भगतांची. बाकीच्यांत कितीतरी जण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिलेले. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील मला सगळ्यांत जवळची वाटते. कोर्टात ती कायद्याची जुनी कलमं एका सुरात, किराणा मालाची यादी वाचावी तशी वाचत जाते. संध्याकाळी लोकलने घरी येते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही. आपल्या बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसू शकली असती अशी बाई आहे, आणि तीच त्या म्हाताऱ्याला तुरुंगात डांबायला निघालेली आहे. सत्तावीस वर्षांच्या मुलाला हे दिसलं आणि ओरडून न सांगता दाखवता आलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी तो अंधेरीला पाहिला. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असं वाटून माझ्या रांगेतल्या दोघी पिशव्या उचलून उभ्याही राहिल्या. तेवढ्यात उजेड झाला, आणि न्यायाधीश महाशय कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले! दोघी मुकाट्याने खाली बसल्या. अनुभवी निर्मात्याने तो अंधार कापायला लावला असता, असं मला वाटतं.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसला ‘कोर्ट’ला ‘ओरिझोंती’ विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, आणि साऱ्या महोत्सवातल्या पहिल्या चित्रपटांसाठी असतं तेही. ऑक्टोबरात तो मुंबईच्या ‘मामी’ महोत्सवात आला. तू तिथे पाहिलंस तसंच इथेही होतं बघ: मामीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दिग्दर्शकांच्या पहिल्या चित्रपटांसाठीच राखलेली असे. वर्सोव्याच्या इन्फिनिटी मॉलमध्ये सिनेमॅक्सबाहेर गळ्यात पास अडकवून, वेळापत्रकावर पेनाने खुणा करत उभी राहिलेली मुलं, त्यांतली निम्मी स्वतःच पहिल्या चित्रपटाच्या खटपटीत. त्या वर्षी तर महोत्सवाचाच प्रायोजक गेला होता. आयोजकांनी लोकांपुढे हात पसरले, चित्रपटवाल्यांनी आणि उद्योगपतींनी मदत केली, तेव्हा तो पार पडला. अशा वर्षी ‘कोर्ट’ त्या स्पर्धेत पहिला आला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुवर्णकमळ आणि भारतातर्फे ऑस्करवारी.

आणि हे बघ. मराठीतून ऑस्करसाठी पाठवलेले ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तिन्ही त्या-त्या दिग्दर्शकाचे पहिलेच चित्रपट. संदीप सावंत, परेश मोकाशी, चैतन्य ताम्हाणे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ही पहिलाच. आपल्याकडे इतकं चांगलं काम पहिल्या खेपेलाच होतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाच्या पाठीशी कुणी नसतं. राज्य सरकारचं अनुदान आहे, पण ते चित्रपट पुरा झाल्यावर. आधीची दोन-तीन वर्षं काढायची कशी, हे ज्याचं त्याने बघायचं.

तुझ्या प्रागमध्ये साठच्या दशकात हे वेगळं होतं. ‘फामू’ या चित्रपटशाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना बारांदोवचा सरकारी स्टुडिओ कॅमेरा देत असे, फिल्म देत असे. यिरी मेन्झेलने २८ व्या वर्षी ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ केला, पहिलाच मोठा चित्रपट, आणि १९६८ साली त्याला ऑस्कर मिळालं. पण जो हात देतो तोच काढूनही घेतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, आणि त्याचा नंतरचा ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ १९९० पर्यंत डब्यात राहिला. म्हणून एका मित्राच्या महिन्याच्या पंधरा हजारांचं मोल मला जास्त वाटतं. अर्थात प्रत्येक गुणी मुलाला गोम्बर भेटत नाही, हेही तितकंच खरं. मला विचारशील तर दोन्ही हवेत: सरकारचा निधी चित्रपट होण्याआधी मिळायला हवा, आणि कुणाचीही मेहेरनजर न लागणारी स्वतंत्र जागाही हवी.

आपल्याकडे ही चेक मंडळी नवी नाहीत. फिल्म सोसायट्यांच्या काळात वकिलातींकडून पूर्व युरोपचे चित्रपट यायचे. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’ने मराठी माणसाला जगाचा सिनेमा बघायची गोडी लावली, आणि त्याच प्रभातचे सुधीर नांदगावकर पुढे मामीचे पहिले संचालक झाले. मेन्झेल म्हातारपणी, २०१३ ला, गोव्याच्या इफ्फी महोत्सवात जीवनगौरव घ्यायला आले होते. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर सात तासांहून मोठा माहितीपट केलाय. मामीची धुराही पुढे डुंगरपूर यांच्याकडेच आली. २०२५ ला मात्र महोत्सव झालाच नाही, ते मला फार लागलं.

प्रागजवळच्या लोद्येनित्से स्टेशनावर ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’चं चित्रीकरण झालंय. एखाद्या रविवारी गाडीने जाऊन ये. आणि महोत्सवात तुला आवडलेल्या दोन-तीन दिग्दर्शकांची नावं नीट लिहून पाठव, चित्रपटाला पैसे कुठून आले तेही कळलं तर विचारून ठेव. मी इथे ते चित्रपट शोधते. थंडीचं गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

तुझी
आत्या