किडनी नवी, पाय जुने

आईची किडनी मला बसवली तेव्हा ती साठीला टेकली होती. काही महिन्यांत ती निमगाव केतकीच्या वस्तीवर पुन्हा म्हशीची धार काढू लागली आणि मी मात्र बाजेवर. येईल तो पाहुणा "जप बाबा, जास्त हलू नको" म्हणून डाळिंबं ठेवून जाई. (डाळिंब, पपनस विचारल्याशिवाय खायचं नाही, गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बिघडू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. इंदापूर तालुक्यात राहून डाळिंब बंद!)

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, उतरलं होतं. पण डायलिसिससाठी बारामतीच्या खेपा करता करता मांड्या गेल्या होत्या, त्या गेलेल्याच. वर स्टेरॉइड. त्यानं भूक वाढते, तोंड सुजतं, साखर चढते आणि हाडं-स्नायू दोन्ही कमजोर होतात. शौचाला बसलो की उठताना नळ धरावा लागे. रिपोर्ट चांगले आणि माणूस मोडका. घरच्यांच्या मायेनं मला आणखी बसवलंच असतं, पण फिजिओथेरपीच्या बाईंनी दटावलं, "गोळी चुकवत नाही ना? मग चालणंही चुकवायचं नाही."

सुरुवात वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत. दम लागावा, पण बोलता यावं, एवढाच वेग. पहिले दीड-दोन महिने भरलेली कळशीसुद्धा उचलायची नव्हती. जुन्या किडन्या पाठीत तशाच राहतात. नवी पुढून, ओटीपोटाच्या बाजूला बसवतात. तिला बरगड्यांचा आडोसा नाही, आणि टाके भरण्याआधी जोर लावला तर हर्निया होऊ शकतो. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आलं, मग पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम. डायलिसिससाठी हातात रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिस्टुलाच्या हाताला मात्र सांभाळून.

कबड्डी कायमची सुटली. पोटावर एक गुडघा बसला की आईचं दान वाया. गल्लीतली पोरं अजून हाक मारतात, मी रेषेबाहेर उभा राहून गुण मोजतो. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

ऊन टाळायचं, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून चालणं पहाटे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. रक्त तपासायच्या आदल्या दिवशी अंग मोडेपर्यंत व्यायाम नको, पाणी कमी पडू द्यायचं नाही. नाहीतर क्रिएटिनिन उगाच वर दिसतं आणि घरात सुतक पडतं. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही. ती किडनीला मारक.

आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव, इंदापूर. डॉक्टरांना विचारून एका आषाढवारीत अंथुर्ण्याच्या पुढे सामील झालो. तोंडाला मास्क, खांद्यावर घरचं पाणी, गर्दीपासून सुटून रस्त्याच्या कडेनं. वाटेतल्या पंगतींना हात जोडून पुढे. आई दिंडीत टाळकऱ्यांमागे, मधूनच वळून मला हुडकणारी. निमगावात शिरलो तेव्हा पाय दुखत होते, आणि ते दुखणं मला आवडलं, कारण आजारपणातलं दुखणं असं नसायचं.

पुढे कळलं की अवयव बदललेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा 1978 पासून भरतात. पहिली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला झाली. तिथे हृदय बदललेलेही धावतात. त्या हृदयाच्या नसा शस्त्रक्रियेत तुटलेल्या असल्यामुळे ठोके उशिरा वाढतात, उशिरा उतरतात. म्हणून त्यांनी आधी आणि नंतर बराच वेळ सावकाश हालचाल करायची असते. मला पदक नको. बारामतीला तपासणीला गेलो की रिक्षा न करता कालव्याकडून चालत लॅबवर जातो, एवढं पुरे.

तुमच्या गावात कुणी किडनी किंवा लिव्हर बदलून आला असेल, तर त्याच्या डॉक्टरांची परवानगी आहे ना ते विचारा आणि संध्याकाळी त्याला चालायला बरोबर घ्या. तुम्हाला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका.