कागदावरची थडगी

युरोपच्या प्रबोधनकाळात छापल्या गेलेल्या चित्रांमध्ये कल्पनेतल्या थडग्यांचा एक वेगळाच पसारा आहे. दगडी स्मारकांची गरीब भावंडे म्हणून ती बाजूला सारली जातात, आणि मला ते पटत नाही. दगडाच्या थडग्याला पैसे मोजणारा लागतो, आणि तो मोजतो ते आपल्या थोरवीसाठी. कागदाला ही अट नव्हती.

हॅलिकार्नाससच्या प्राचीन थडग्याचेच पाहा. 1521 मध्ये कोमो येथे चेझारियानोने रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसचा ग्रंथ सचित्र छापला आणि त्यात राजा मॉसोलसचे थडगे उभे केले. पुढच्याच वर्षी बोद्रुमला, म्हणजे जुन्या हॅलिकार्नाससला, सेंट जॉन पंथाच्या लढवय्यांनी खऱ्या थडग्याचे उरलेसुरले संगमरवर किल्ल्याच्या डागडुजीसाठी चुन्याच्या भट्टीत घातले. 1572 मध्ये चित्रकार हेम्सकेर्कच्या जगातल्या आश्चर्यांच्या चित्रमालिकेत ते पुन्हा अवतरले, अगदी निराळ्या रूपात. ही सगळी ऐकीव रूपे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रोमन लेखक प्लिनीने दिलेली मापे तरी कुठे नीट जुळतात? बाजू 63 फुटांची, घेर मात्र 440 फुटांचा. वर 36 खांब, 24 पायऱ्यांचा पिरॅमिड आणि माथ्यावर रथ. पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटनने 1857 मध्ये तिथे उत्खनन केले, तरी मांडणीचा वाद मिटला नाही. म्हणजे ही चित्रे त्या कोड्याची उत्तरे होती, आणि आजची आराखड्याची चित्रेही तेच करतात.

कागदाला गिऱ्हाईक लागत नाही, या माझ्या म्हणण्यापुढे खरा अडसर शिल्पकार फ्लोरिसच्या 1557 च्या अँटवर्पमधल्या थडग्यांच्या चित्रसंग्रहाचा. तो गिऱ्हाइकांपुढे ठेवायचा नमुनासंच वाटतो, हे कबूल.

पण जर्मन चित्रकार ड्यूररला कोणते गिऱ्हाईक मिळणार होते? 1525 मध्ये, जर्मन शेतकऱ्यांचे बंड रक्तात बुडाले त्याच वर्षी, मोजमापावरच्या आपल्या पुस्तकात त्याने एक विजयस्तंभ काढला. तळाशी बांधलेली गुरे, वर धान्याची पेटी, पालथी किटली, लोण्याचे भांडे, दुधाचा घडा, कोंबड्यांचे डालगे आणि शेंड्यावर पाठीत तलवार खुपसलेला, खिन्न बसलेला शेतकरी. शेजारीच दारुड्याचे स्मारक आहे, तेव्हा ही निव्वळ थट्टा, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. तरी थट्टेला एवढा खिन्न चेहरा कशाला हवा? त्या साली या स्तंभासाठी एकही जर्मन सरदार दगड पुरवता ना. मापे मात्र ड्यूररने भागाभागाची दिली आहेत.