मागून मित्र येतायत

सायकलवरून कोकणची किनारपट्टी. तीन दिवस, चार खाड्या, एक पंक्चर आणि एक थाप!

‘एकटीच?’

हा प्रश्न मला मुंबई ते गुहागर या प्रवासात किती वेळा विचारला गेला, त्याचा हिशेब मी दुसऱ्या दिवशी सोडून दिला. पहिल्यांदा विचारला आईने, तोही स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी व्हायच्या आत. मग सोसायटीच्या वॉचमनने, मग भाऊच्या धक्क्यावर माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या एका काकांनी. काकांनी तर आधी सायकलकडे पाहिलं, मग कॅरिअरला लटकलेल्या दोन पिशव्यांकडे, मग माझ्याकडे. ‘गुहागर? सायकलने? बस बंद आहेत का?’

बस चालू होत्या. पण गेली दोन वर्षं मी शनिवारी सकाळी सायकलिंग करणाऱ्या ग्रुपबरोबर जात होते. तीस-चाळीस किलोमीटर, मग इडली, मग घरी येऊन झोप. या ग्रुपमधली पोरं अधूनमधून ‘लाँग राईड’ला जायची आणि सोमवारी फोटो टाकायची. मला जळायला व्हायचं. बरं, बरोबर येणारं कुणी शोधावं, तर एकीला सुट्टी नाही, दुसरीचं लग्न ठरलेलं, तिसरीच्या घरून परवानगी नाही. शेवटी गेल्या डिसेंबरात म्हटलं, आता कुणाची वाट बघत बसले तर पस्तिशी गाठेन. चला!

नकाशात समुद्र, पायांत डोंगर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि मुंबईच्या सायकलवाल्यांची लॉटरी लागली. पनवेल, पेण, ट्रकांचा धूर हे सगळं टाळून साधारण तासाभरात तुम्ही थेट अलिबागच्या बाजूला उतरता. तिथून रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, काशीद, मुरूड. डावीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, उजवीकडे समुद्र. पोस्टकार्डच.

फक्त एक गोष्ट पोस्टकार्डात दिसत नाही. कोकणचा किनारा सपाट नाही! मला वाटलं होतं, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे मरिन ड्राइव्हसारखा सरळसोट. प्रत्यक्षात गाव असतं खाली, खाडीच्या किंवा समुद्राच्या काठाला, आणि दोन गावांच्या मध्ये उभा असतो जांभ्या दगडाचा सडा. म्हणजे प्रत्येक गावातून निघालं की चढ. वर पोचलं की पिवळं वाळलेलं गवत, भन्नाट वारा आणि पाण्याचा एक थेंब नाही. मग सुसाट उतार, खाली खाडी, आणि खाडी ओलांडली की पुन्हा चढ. समुद्रसपाटीपासून तुम्ही फार उंच कधीच जात नाही, पण दिवसभरात तीच उंची सात-आठ वेळा चढता. ऑफिसातल्या अप्रेझलसारखं. दरवर्षी शून्यापासून सुरुवात.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल ट्रकाच्या चाकाला टेकवून ठेवली आणि राजपुरीच्या खाडीत लांबवर दिसणारा जंजिरा बघत दोन केळी खाल्ली. इकडे या बोटींना सगळे ‘जंगलजेट्टी’ म्हणतात. ट्रक, जीप, म्हातारी माणसं, बकरी, सगळ्यांना सामावून घेणारं एक तरंगतं एसटी स्टँड. तिकीटवाल्याने विचारलंच, ‘एकट्याच?’ मी म्हटलं, ‘हो.’ तो म्हणाला, ‘भारी!’ आणि पुढच्या गाडीकडे वळला. पहिली रात्र दिवेआगरला. पाय तुटले होते, पण डोकं हवेत.

ओहोटीची वाट

दुसऱ्या दिवशीची चूक पूर्णपणे माझी.

दिवेआगरहून आरावीच्या बाजूने श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराचसा समुद्राला चिकटून जातो. तिथे मी दर पाच मिनिटांनी फोटोसाठी थांबले. मग हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जाते. पायऱ्या उतरून खडकावर आलं की लाटांनी कोरून काढलेली, जाळीसारखी झालेली दगडाची भिंत. पण ही वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली असते. मी पोचले तेव्हा पाणी वर होतं. इतकं आलोय तर बघूनच जाऊ म्हणून ओहोटीची वाट पाहत बसले. पाहिलं. अप्रतिम आहे. आणि घड्याळ बघितलं तर चार वाजून गेलेले.

बागमांडल्याला माझ्या डोळ्यांदेखत एक बोट सुटली. पुढच्या बोटीने सावित्री ओलांडून वेसवीला उतरले, तेव्हा सूर्य नारळांच्या टोकांवर आला होता. केळशीला एका घरगुती मुक्कामाचं बुकिंग होतं. मोबाइलवरचा नकाशा म्हणत होता, फार नाही. नकाशाला काय, त्याला पाय नसतात! डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि सड्यावर रस्त्याचे दिवे नसतात.

साडेसहाला मागचं चाक बसलं.

करवंदाच्या जाळीचा काटा. कुंपणासाठी काट्या तोडून नेताना रस्त्यावर सांडल्या असाव्यात. घाबरू नका, मला पंक्चर काढता येतं. शनिवारच्या ग्रुपमध्ये शिकले होते. फक्त तिथे उजेड होता आणि बाजूला चहाची टपरी. इथे घाईघाईत जास्तीची ट्यूब घातली, ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली गेली आणि पहिल्याच दाबात फुस्स. आता दोन्ही ट्यूब कामातून गेलेल्या, मोबाइलला रेंज नाही, बॅटरी वीस टक्के. सायकल ढकलत चालायला लागले. दूर कुठेतरी कोल्हे ओरडत होते.

आणि मागून मोटरसायकलचा आवाज आला.

हे वाचणाऱ्या मुलींना पुढचं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. मुलांसाठी सांगते. अशा वेळी आपण मदत आली असं म्हणत नाही. आपण मोजतो. माणसं किती? दोन. वय? वीस-बावीस. प्यायलेत? कळत नाही. पळायचं तर कुठे? पेपर स्प्रे कुठल्या पिशवीत आहे?

गाडी थांबली. लाल टी-शर्टवाला म्हणाला, ‘काय झालं ताई? एकट्याच?’

तोच प्रश्न. तिकीटवाल्याने विचारला होता, अगदी तसाच. पण आता माझ्या तोंडातून आलं, ‘नाही, नाही. मागून मित्र येतायत. दोघं आहेत. येतीलच.’

ही थाप मला कुणी शिकवली आठवत नाही. कॉलेजात, लोकलमध्ये, रिक्षात, सगळ्याजणी कधी ना कधी वापरतात. ‘भाऊ स्टेशनवर घ्यायला आलाय’, ‘नवरा खालीच उभा आहे’. मला ना भाऊ, ना नवरा. पण दोघांनीही आजवर मला बरंच वाचवलंय.

‘ट्यूब आहे?’ मागे बसलेल्याने विचारलं. ‘पंक्चर काढू की.’

त्याने गाडी वळवून हेडलाइट माझ्या चाकावर टाकला. लाल टी-शर्टवाल्याने मोबाइलचा टॉर्च धरला. मी ट्यूब गालाजवळ फिरवत हवा कुठून येते ते शोधलं, तर तो म्हणाला, ‘पाणी ओता ना, बुडबुडा दिसतो.’ बाटलीतलं शेवटचं पाणी ओतलं. बुडबुडा दिसला. पॉलिश पेपरने घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर मारून वाळवलं, पॅच दाबला. माझ्या बारीक व्हाल्वकडे बघून दोघांना हसू आवरेना. ‘हा कुठला ओ? आमचा पंप याला लागणारच नाही.’ बरोबरच होतं. बारीक तोंडाच्या परदेशी धर्तीच्या व्हाल्वला गावातला पंप लागत नाही, त्यासाठी एक अडॅप्टर लागतो आणि तो माझ्या घरी ड्रॉवरमध्ये होता. माझ्या टीचभर पंपाने तिघांनी आळीपाळीने हवा भरली.

पाऊण तास गेला. या पाऊण तासात ते दोघं माझ्यापासून हातभर अंतर राखून होते. ते मी पाहत होते. आणि तरीही पेपर स्प्रेची पिशवी मी पायाशीच ठेवली होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

निघताना लाल टी-शर्टवाला म्हणाला, ‘इथून उतारच आहे, जा सावकाश. तुमचे मित्र?’

‘येतील ते,’ मी म्हटलं आणि पेडल मारलं.

घावने आणि धक्का

केळशीच्या काकूंकडे पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. गरम पाणी, भात, कुळथाचं पिठलं, पोह्याचा पापड. ‘एकटीच आलीस सायकलवर? अगं बाई!’ असं म्हणत त्यांनी पानात आणखी भात वाढला. जेवून जी आडवी झाले, ती थेट सकाळी कोंबड्याने उठवलं.

सकाळी घावने वाढता वाढता काकूंनी सहज विचारलं, ‘काल तुझे कुणी मित्र यायचे होते का गं?’

घावन घशात अडकलं.

‘रात्री साडेनऊला एक मुलगा आला होता दारात. म्हणाला, सायकलवाल्या ताईंचे मित्र पोचले का, आम्ही वर थांबलो होतो त्यांच्यासाठी, अंधारात वळण चुकतं म्हणून. मी म्हटलं, बुकिंग तर एकाच माणसाचं आहे. मग गप्पच झाला. गेला.’

म्हणजे मी इकडे पिठलं-भात खात असताना ते दोघं वर सड्यावर गाडी उभी करून, जन्मालाच न आलेल्या माझ्या दोन मित्रांची वाट बघत बसले होते.

मला निघून जाता आलं असतं. पुढे सत्तरएक किलोमीटर आणि दाभोळची खाडी होती. पण घावने उतरेनात. काकूंना विचारलं, मुलगा कुठला? ‘स्टँडजवळ गॅरेजात असतो.’

तो एका स्कूटरचं चाक उघडून बसला होता. आज टी-शर्ट निळा. मी सायकल लावली आणि रात्रभर पाठ केल्यासारखं एका दमात सांगून टाकलं, ‘काल मागे कुणी नव्हतं. मी खोटं बोलले. सॉरी.’

तो पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मग तसं सांगायचं ना ओ! डासांनी फोडून काढलं आम्हाला.’

मला हसू की रडू कळेना. तो पुन्हा चाकाकडे वळला. नट फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘पण सांगणार कसं म्हणा.’

एवढंच. ना त्याने भाषण दिलं, ना मी. त्याने माझ्या टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, ‘कमी आहे.’ मग टीचभर पंपाने पुन्हा एकदा भरून दिली. पैसे घेतले नाहीत.

पुढचा चढ

त्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैसमोरच्या पाण्यातला सुवर्णदुर्ग आणि महर्षी कर्व्यांचं मुरूड बघत मी दाभोळला पोचले. इथली दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ सालापासून वाशिष्ठी ओलांडतेय. संध्याकाळी उजेड असतानाच गुहागरच्या वाळूत सायकल आडवी टाकली. परत येताना पुढचं चाक काढून सायकल खासगी बसच्या डिकीत घातली आणि रात्रभर झोपले.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते ते वाक्य. ‘पण सांगणार कसं म्हणा.’ मी त्या रात्री चुकले असं मला आजही वाटत नाही. अंधारात, रेंज नसताना, दोन अनोळखी माणसांसमोर मी पुन्हा सावधच राहीन. पण आपल्या सावधपणाचं बिल कधीकधी भलताच कुणीतरी भरतो, हे मला माहीत नव्हतं. त्या दोघांनी ते भरलं. एक तास आणि भरपूर डास.

आता मी उत्तर बदललंय. कुणी ‘एकट्याच?’ विचारलं की म्हणते, ‘हो, पण घरी माझं लोकेशन दिसतंय.’ हे खरं असतं. आईला मी फोनवर ते बघायला शिकवलंय आणि ती ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं बघते. सड्यावर रेंज नसते, हे मात्र मी सांगत नाही. ना अनोळखी माणसांना, ना आईला!

निघायचंय? हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रोज ७०-८० किलोमीटर पुरे. कोकणातले ८० म्हणजे सपाटीवरचे शंभराहून जास्त समजा.

• जास्तीच्या दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, पंप. व्हाल्व बारीक असेल तर अडॅप्टर पिशवीत ठेवा, ड्रॉवरमध्ये नको.

• पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट, दिवसा निघालात तरी.

• फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. बोट चुकली तर अलीकडेच मुक्काम करा.

• सूर्यास्ताच्या तासभर आधी गावात पोचा. सड्यावर चढण्याआधी पाणी भरून घ्या.

• कुणी तुमच्यासाठी थांबलं असेल, तर पोचल्यावर त्याला कळवा.