हिऱ्याच्या सुईचा बाजार

टोकियो स्टेशनवरून यामानोते मार्गाची लोकल पकडली की दुसरेच स्टेशन आकिहाबारा. बाहेर पडताच मोठ्या डोळ्यांच्या कार्टून मुलींच्या भल्यामोठ्या जाहिराती दिसतात आणि तरुण पर्यटकांची झुंबड तिकडेच वळते. मात्र ज्यांच्या घरी वडिलांनी जमवलेल्या रेकॉर्ड्स अजून वाजतात, त्यांची पावले रेल्वेच्या पुलाखाली वळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले लागत. जवळच विजेचे शिक्षण देणारी शाळा होती. तिथले विद्यार्थी हे भाग घेऊन रेडिओ जोडत आणि विकत. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा यातली काही मंडळी लोहमार्गाखाली जाऊन बसली. तेच आजचे रेडिओ सेंटर. बोळ इतके अरुंद की समोरून कुणी आले तर अंग चोरावे लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवावा, फक्त गलका कमी.

इथून चालत जाण्याच्या अंतरावर डायनॅमिक ऑडिओसारखी उंची दुकाने आहेत. सराफाकडे अंगठ्या मांडाव्यात तशी तिथे काचेआड कार्ट्रिजेस मांडलेली असतात. टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाला बसणारी ही वस्तू अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्या खाली हिऱ्याची सुई. रेकॉर्डच्या खाचेतून जाताना सुई थरथरते आणि त्या थरथरीतून आत विजेचा सूक्ष्म दाब तयार होतो. किंमत काही हजार येनपासून थेट दहा लाख येनच्या घरात! कोएत्सु या जपानी नावाच्या कार्ट्रिजेसना तर शिसवी लाकडाची, गोमेदाची नाहीतर जेड दगडाची कवचे असतात. ती बनवणारे योशिआकी सुगानो २००२ मध्ये वारले. स्वतः चित्रकार असलेल्या सुगानोंनी सतराव्या शतकातल्या एका थोर कलावंताचे नाव आपल्या कामाला दिले होते.

पण महाग तेच चांगले, असे समजून खिसा रिकामा करणारा इथे हमखास फसतो. डेनॉनचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज पाहा. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या सरकारी मदतीवर नव्हे, तर श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या नभोवाणी संस्थेसाठी ते तयार झाले. १९७० पासून सर्वांना मिळू लागले आणि आजही बनते. दिसायला अगदी साधे, वजन साडेआठ ग्रॅम. सुईचा दाब अडीच ग्रॅमच्या आसपास ठेवायचा. गोम अशी, की त्याच्या सुईची लवचीकता कमी आहे. ते हलक्या, नाजूक दांडीवर लावले तर खर्ज नीट उतरत नाही. जड दांडीवर लावले की त्याच्यात जीव येतो. बैलगाडीच्या कमानी मोटारीला बसवून कसे चालेल? म्हणून आधी घरच्या दांडीचे वजन विचारावे, मग कार्ट्रिजचे नाव घ्यावे.

शिवाय त्याचा आवाज इतका क्षीण, व्होल्टच्या जेमतेम दहा हजारांश तीन भागांएवढा, की सोबत खास ट्रान्सफॉर्मर किंवा वेगळा प्रीअँप्लिफायर लागतो. हा खर्च बरेच जण हिशेबात धरत नाहीत.

आकिहाबाराहून सोबू मार्गाने एकच स्टेशन पुढे ओचानोमिझू. इथे डिस्क युनियनची जुन्या रेकॉर्ड्सची दुकाने आहेत आणि त्यांचेच ऑडिओ विभागाचे दुकानही. शक्य असल्यास घरून आपली एखादी ओळखीची रेकॉर्ड न्यावी आणि ती ऐकवता येईल का, हे विनयाने विचारावे. भीमसेनजींचा आवाज ज्याच्या कानात पन्नास वर्षे मुरला आहे, त्याला जाहिरात वाचायची गरज नाही.

सुई झिजते, हे मात्र विसरू नये. आकारानुसार काहीशे ते हजारेक तास, एवढेच तिचे आयुष्य. झिजलेली सुई रेकॉर्डची खाच कुरतडते आणि ती रेकॉर्ड बाजारात पुन्हा मिळत नाही. साध्या, चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजची सुई घरीच बदलता येते. वेटोळे हलणाऱ्या महागड्या जातीत ती सोय नसते. जुने परत देऊन कमी दरात नवे घ्यायची पद्धत जपानी कंपन्यांत आहे. पण नाशिकहून दर वेळी टोकियोला कोण जाणार? त्यातून घरात ७८ फेऱ्यांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या असतील, तर त्यांची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. अशा घराला सुया बदलता येणारे साधे कार्ट्रिजच सोयीचे.

एक सोय मात्र आहे. जपानची वीज १०० व्होल्टची, त्यामुळे तिथली कित्येक यंत्रे आपल्याकडे तशीच चालत नाहीत. कार्ट्रिजला मुळी प्लगच नाही!

खरेदी झाली की यामानोतेनेच शिबुयाला जावे. तिथे १९२६ पासून चालत आलेले लायन हे कॉफीगृह आहे. सगळ्या खुर्च्या समोरच्या प्रचंड लाकडी स्पीकर्सकडे तोंड करून. बोलायला मनाई, फोटोलाही. कॉफी मागवावी आणि रेकॉर्ड संपेपर्यंत गप्प बसावे.